इतर हक्कात लोणचं

कोरपन्यात कुणी म्हटलं, "माझ्याकडे एक जुनी चीज आहे," तर ऐकणारा आधी विचारतो, "कोन्या सालचा ट्रॅक्टर?" जुनी वस्तू म्हणजे विकायची राहून गेलेली वस्तू, एवढंच इथलं गणित. त्यामुळे पटवारीसाहेबांच्या घरी जे चाललं आहे त्याला काय म्हणावं हे गावाला बरेच दिवस कळेना. भंगाराचा धंदा म्हणावा तर विक्री नाही. शौक म्हणावा तर शौकाला लागतो तो पैसा नाही. शेवटी चौकातल्या चहावाल्यानं निकाल दिला, "साहेबाईले रिटायर झाल्यावर करमत नाही जी, म्हणून कपबशाईचा सातबारा काढून राह्यले." निकाल थट्टेत दिला होता. निघाला तंतोतंत खरा.

सरकारी कागदावर ते तलाठी होते. इकडे पटवारी म्हणतात, आणि एकदा म्हटलं की माणूस रिटायर झाला तरी म्हणतच राहतात. उभी नोकरी त्यांनी राजुरा, कोरपना, जिवती या पट्ट्यात काढली आणि नोकरीभर एकच काम केलं. कुणाची जमीन कुणाच्या नावावर गेली ते लिहिलं. बापामागे मुलांत वाटली गेलेली, भावानं बहिणीकडून हक्कसोड लिहून घेतलेली, सोसायटीच्या कर्जाला अडकलेली, चुनखडीपायी आवारपूर-उपरवाहीच्या सिमेंट कारखान्यांकडे गेलेली. हजारो एकर त्यांच्या लेखणीखालून गेले. स्वतःच्या नावावर घराची जागा आणि दीड एकर कोरडवाहू, तेही भावांसोबत सामाईक. दुसऱ्यांची मालकी लिहून लिहून माणसाचं काय होतं ते मला त्यांच्याकडे बघून कळलं. त्याला वस्तू दिसेनाशी होते, फक्त तिचे मालक दिसतात.

त्यांच्या छपरीत भिंतीला लागून एक लोखंडी मांडणी आहे. तिच्यावर सगळी चिनीमाती. कान तुटलेले कप, कप नसलेल्या बशा, कडा उडालेल्या बेंगॉल पॉटरीजच्या प्लेटा, सौराष्ट्रातल्या थानगढ-वांकानेरकडून कधीकाळी आलेल्या, वर तपकिरी आणि खाली पांढुरक्या लोणच्याच्या बरण्या. विजेच्या खांबावरचा पांढरा इन्सुलेटरसुद्धा आहे आणि त्याचा पूर्वीचा मालक म्हणून वीज मंडळाचं नाव रीतसर लिहिलेलं आहे. भद्रावतीच्या ग्रामोदय संघाची एक झिलईदार सुरई आहे. गांधींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी तो संघ उभा केला आणि आमच्या जिल्ह्याच्या मातीला झिलई चढवली. दुसरा कुणी असता तर त्या झिलईवर अर्धा तास बोलला असता. पटवारीसाहेब तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. ते सांगतात की ही सुरई भद्रावतीहून वरोऱ्याच्या एका मास्तरांकडे गेली, मास्तरांकडून त्यांच्या साडूकडे, साडूकडून पत्त्यांच्या डावात एका कंपाउंडरकडे, आणि कंपाउंडरची बदली गडचांदूरला झाली म्हणून ती तालुक्यात आली. "चार हात झाले," ते म्हणतात. सुरईला तोटी आहे की नाही हे त्यांना विचारू नका.

लाडकी मात्र एक बशी. कडेला गुलाबाची फुलं, बुडावर इंग्रजीत 'मेड इन ऑक्युपाइड जपान'. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान अमेरिकेच्या ताब्यात होता, तेव्हा बाहेर जाणाऱ्या मालावर असा शिक्का पडे. १९५२ साली ताबा उठला आणि शिक्काही गेला. जगातल्या बशा फुलं दाखवतात, ही एकटी बशी कब्जेदाराची नोंद बुडावर घेऊन जन्माला आली, म्हणून ती मांडणीच्या मधल्या कप्प्यात उलटी ठेवलेली असते.

एका शिक्षकानं एकदा जुन्या शाळेचं चिनीमातीचं संडासाचं भांडं देऊ केलं होतं. पटवारीसाहेबांनी ते नम्रपणे नाकारलं. म्हणाले, "पूर्वीचे भोगवटादार फार. नोंदी जमणार नाहीत."

खरा संग्रह मांडणीवर नाहीच. तो लाल फडक्यात बांधलेल्या रजिस्टरात आहे. प्रत्येक वस्तूला गट नंबर. मग भोगवटादाराचं नाव, वस्तू कशी मिळाली (खरेदी, बक्षीस, वारसा, उसनी घेऊन परत न केलेली), फेरफार क्रमांक, आणि शेवटी 'इतर हक्क' हा रकाना. बशीची चीर, कपाचा तुटलेला कान, झाकण दुसऱ्याच बरणीचं असणं, हे सगळं इतर हक्कात. दोन पंचांच्या सह्या झाल्याशिवाय नोंद मंजूर होत नाही. आणि मंजुरीच्या आधी पंधरा दिवस घराच्या दाराला नोटीस चिकटलेली असते: सदर वस्तूबाबत कुणाची हरकत असल्यास लेखी कळवावी.

गावाला हे हसू येण्याजोगं वाटलं, पण एकदा हरकत खरोखरच आली. एक म्हातारी काठी टेकत आली आणि म्हणाली, "थे निळ्या काठाची प्लेट माह्या घरची होय. लेकीच्या लग्नात पंगतीत गेली होती." पटवारीसाहेबांनी सुनावणी ठेवली. दोन तारखा दिल्या, कारण एका तारखेत निकाल देण्याची त्यांना सवय नव्हती. म्हातारीनं प्लेटच्या बुडाला नेलपॉलिशची खूण सांगितली, ती निघाली. निकाल स्वतःच्या विरुद्ध लिहून त्यांनी प्लेट परत केली आणि पुढे आठवडाभर ज्याला त्याला सांगत सुटले की आपला आदेश अपिलात टिकेल असा होता. संग्रहातली वस्तू गेल्याचं दुःख झालेला संग्राहक मी पाहिला आहे. वस्तू जाताना कागद पक्का झाला म्हणून खूश झालेला हा एकच.

ते एकदा लेकाच्या कुटुंबासोबत हैदराबादला सालारजंग म्युझियम बघायला गेले. बाकीची मंडळी वाजणाऱ्या घड्याळाखाली आणि संगमरवरी बुरख्यातल्या रिबेकाच्या पुतळ्यापुढे थांबली. हे चिनी आणि जपानी भांड्यांच्या दालनात गेले आणि थोड्याच वेळात तोंड पाडून बाहेर आले. इतकं सगळं एकाच माणसाचं! तिसरे सालारजंग, मीर यूसुफ अली खान. १९१२ ते १९१४ निजामाचे दिवाण होते, मग उरलेलं आयुष्य वस्तू घेण्यात गेलं, लग्न केलं नाही, १९४९ साली वारले, १९५१ साली म्युझियम उघडलं. "एवढी मोठी इमारत आणि खातेदार एकच," पटवारीसाहेब परतीच्या बसमध्ये म्हणाले. "वाचाले काही नाही."

अशा माणसाच्या हाती कोरिया लागला.

लागला तो भाच्यामुळे. भाचा पुण्याजवळ रांजणगावला एका कोरियन कंपनीत आहे. नवीन वर्षाला त्याच्या साहेबानं त्याला एक जाड कागदाचं कॅलेंडर दिलं. बारा महिने, बारा भांडी. भाच्याला त्यात सुट्टीच्या तारखा मराठी नव्हत्या म्हणून त्याचा उपयोग नव्हता, त्यानं ते मामाला आणून दिलं. जानेवारीला हिरवट-निळ्या झिलईची, खांदे रुंद आणि कंबर बारीक अशी उंच फुलदाणी होती आणि तिच्यावर ढगांतून उडणारे करकोचे. गोऱ्यो राजवटीतली, सातआठशे वर्षांपूर्वीची. ओल्या मातीवर नक्षी कोरायची, कोरलेल्या जागेत पांढरी आणि काळी माती भरायची, भाजायचं, मग झिलई देऊन पुन्हा भाजायचं. चीनचा एक दूत, शू जिंग, ११२३ साली तिकडे गेला होता, त्यानंसुद्धा त्या हिरव्या रंगाचं कौतुक लिहून ठेवलं आहे, आणि चिनीमातीच्या बाबतीत चिन्यानं दुसऱ्याचं कौतुक करणं ही काही साधी गोष्ट नव्हे. भाच्यानं हे सगळं मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं. मामा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ते ठीक आहे. कोनाकडं होती?"

तिथून भाच्याचे हाल सुरू झाले.

मालक सापडला, आणि असा सापडला की पटवारीसाहेब त्या दिवशी जेवायला उशिरा उठले. सोलचा जॉन ह्योंग-पिल, जन्म १९०६. बापाकडून धानाची अफाट शेती आलेला. तेव्हा कोरियावर जपानचं राज्य होतं आणि जुनी भांडी, चित्रं, पोथ्या जपानी व्यापाऱ्यांच्या हातून समुद्रापार जात होती. हा माणूस शेतीच्या पैशावर ती अडवत बसला. १९३५ साली त्यानं ही करकोच्यांची फुलदाणी एका जपानी व्यापाऱ्याकडून वीस हजार वॉनला घेतली, आणि किमतीची घासाघीस केली नाही. त्या काळी सोलमध्ये हजार वॉनला बरं घर मिळे, म्हणजे वीस घरं एका फुलदाणीत गेली असं तिकडे सांगतात. दोन वर्षांनी टोकियोतल्या गॅड्स्बी नावाच्या इंग्रज वकिलाचा अख्खा संग्रह घेताना त्यानं जमीन विकली म्हणतात. १९३८ साली सोलमध्ये सगळं ठेवायला इमारत बांधली. आजचं कानसोंग म्युझियम ते हेच.

"जमीन विकून मडकी," पटवारीसाहेब दोनदा म्हणाले. त्यांच्या नोकरीत जमीन विकून लोकांनी लग्नं केली होती, दवाखाने केले होते, निवडणुका लढवल्या होत्या, एकानं वरातीसाठी हत्ती आणला होता. मडक्यांसाठी खरेदीखत त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. त्याच संध्याकाळी पटवारीनबाईंनी माहेरकडून आलेल्या आपल्या दोन एकरांचा सातबारा पेटीतून काढून गव्हाच्या कोठीत ठेवला.

पण रजिस्टरात घोळ झाला. व्यापाऱ्याच्या आधी कोण, त्याच्या आधी कोण, असं मागं जाता जाता वाट थेट थडग्यात गेली. गोऱ्यो काळातली ही उत्तम भांडी मोठ्या माणसांसोबत पुरलेली असत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुन्या राजधानीच्या, केसोंगच्या आसपासची थडगी रात्री उकरली जाऊ लागली आणि माल बाजारात आला. गिऱ्हाइकांत जपानचा तिकडचा पहिला रेसिडेंट जनरल इतो हिरोबुमी होता, आणि तो हजारावर भांडी घेऊन आपल्याकडच्या बड्यांना भेटी देत होता. १९६५ च्या करारानंतर त्यातली काही कोरियाला परत गेली. पटवारीसाहेबांनी बराच वेळ विचार करून ती नोंद लिहिली. मी वाचली आहे: 'मूळ खातेदार मयत. वारस नोंद घेतलेली नाही. कब्जा चोराचा. चोराकडून साहेबाचा.' मग पेन्सिलीनं बाजूला, 'साहेबास नोटीस बजावता येत नाही, तोही मयत.' मोठमोठ्या म्युझियमच्या पाट्यांवर हीच हकीकत 'खाजगी संग्रहातून प्राप्त' एवढ्या तीन शब्दांत बसवतात. सरळ लिहिण्याच्या बाबतीत आमचा पटवारी त्यांना भारी आहे, असं मला वाटतं.

बाकीचे मालक त्यांनी पटापट उरकले. ओसाकाच्या आताका कंपनीचा संग्रह त्यांना नोंदीच्या दृष्टीनं सोपा गेला, कारण कंपनी तेलाच्या व्यवहारात बुडाली, १९७७ साली संपली, कर्ज देणाऱ्या सुमितोमो बँकेच्या समूहानं ९६५ भांडी ओसाका शहराला दिली आणि १९८२ साली त्यांचं म्युझियम झालं. इतर हक्कात बँकेचा बोजा, आणि बोजाच शेवटी मालक. असे सातबारे त्यांनी कोरपन्यात ढिगानं लिहिले होते, फक्त त्या ढिगातून म्युझियम कधी निघालं नव्हतं. इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच यानं १९३५ साली सोलच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात एक मोठा पांढरा गोल रांजण घेतला आणि युद्धाच्या काळात लूसी री या मैत्रिणीकडे सांभाळायला ठेवला. पुढे तो तिच्या स्टुडिओत इतका शोभला की तिथंच राहिला. आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पटवारीसाहेबांनी लिहिलं: 'मालकी पुरुषाची, वहिवाट बाईची.' आणि आतल्या दाराकडे बघून घेतलं.

त्यांचा जीव मात्र एका वाडग्यात अडकला. तो कॅलेंडरात नव्हता. भाच्यानंच कंटाळून सांगितला, आणि मग सुटका झाली नाही.

कोरियातल्या कुण्या अनाम कुंभारानं केलेला, जपानी लोककलेचे अभ्यासक यानागी सोएत्सु यांच्या मते भात खायचा साधा, स्वस्त वाडगा. बाहेरून भुरका, आत भेगाळलेली झिलई, बुडाशी खडबडीत. तो जपानात गेला आणि चहाच्या समारंभात बसला. ओसाकाचा व्यापारी ताकेदा किझाएमोन त्याचा मालक, म्हणून आज त्याचं नावच किझाएमोन. या किझाएमोनचं दिवाळं निघालं. क्योटोच्या रंगेल वस्तीत येणाऱ्या गिऱ्हाइकांचे घोडे धरायची पाळी आली, तरी वाडगा पिशवीत घालून गळ्यात. शेवटी अंगाला फोड येऊन मेला, असं सांगतात. पुढे हात बदलत बदलत १७७५ साली मात्सुदाइरा फुमाई या सरदारानं तो ५५० सोन्याच्या नाण्यांना घेतला. त्यालाही फोड आले. बायको म्हणाली, हे घराबाहेर काढा. त्यानं ऐकलं नाही. १८१८ साली तो वारला, मग मुलालाही फोड आले, तेव्हा घरच्यांनी वाडगा क्योटोच्या दाइतोकुजी मठातल्या कोहोआन देवळाला देऊन टाकला. आज तो जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे. १९३१ साली यानागी तो बघायला गेले तेव्हा पेटीत पेटी, अशा पाच पेट्या उघडाव्या लागल्या, आणि आतून निघाला तो साधा वाडगा.

हे ऐकताना पटवारीसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता. खरेदी, दिवाळं, खरेदी, वारसा, बक्षीस, आणि शेवटी? "देवस्थान इनाम!" ते ओरडलेच. "आता कोनाच्या बापाले विकता येत नाही!" माणसानं आपल्या आयुष्याचं काम दुसऱ्या देशात, दुसऱ्या शतकात, एका वाडग्यावर संपूर्ण उमटलेलं पाहावं, तसा आनंद. मी विचारलं, "मग साहेब, वाडगा कोरियाचा की जपानचा?" ते हसले. "जिवतीच्या डोंगरावरच्या, महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही आपली म्हणतात त्या चौदा गावांसारखं आहे. रेशनकार्ड दोन्हीकडचं, मतदान दोन्हीकडं. आपण फक्त पीक पाहणी लिहायची."

इथपर्यंत सगळं कागदावर होतं. घरात पेटलं ते सप्टेंबर महिना उलटला तेव्हा. कॅलेंडरच्या पुढच्या पानावर पांढरा, पोटफुगा, जरासा एका बाजूला कललेला रांजण होता. जोसॉन राजवटीतला, सतराव्या-अठराव्या शतकातला. चाकावर एवढा मोठा एका दमात होत नाही म्हणून दोन अर्धे वेगळे करून पोटावर जोडत, आणि भट्टीत तो जोड थोडा सरके. म्हणून कुठलाच पुरता गोल नाही. तिकडे त्याला चंद्राचा रांजण म्हणतात. पटवारीसाहेब उठले, स्वयंपाकघरात गेले आणि फळीवरच्या एका बरणीपुढे उभे राहिले. पांढरी, पोटफुगी, जराशी कललेली. आत आंब्याचं लोणचं.

"हे कुठून आली?" त्यांनी विचारलं.

"मायकडून," पटवारीनबाई म्हणाल्या. "काहून?"

"मायकडं कुठून आली?"

"मले काय मालूम? आजीची होती. पोलीस ॲक्शनच्या पहिलेपासून होती म्हने घरात."

झालं. १९४८ च्या आधीची, म्हणजे मोगलाईतली. राजुरा तालुका तेव्हा निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि कोरपना राजुऱ्यात. पटवारीसाहेबांनी नोंद लिहायला घेतली आणि त्यांच्या लक्षात आलं की ही बरणी आजीच्या फळीवरून नातीच्या फळीपर्यंत एवढीच हलून हैदराबाद संस्थानात होती, मग हैदराबाद राज्यात, १९५६ ला नांदेड जिल्ह्यातून मुंबई राज्यात, १९५९ ला चांदा जिल्ह्यात, १९६० ला महाराष्ट्रात, आणि पुढे चांद्याचं चंद्रपूर झालं आणि राजुऱ्यातून कोरपना निघाला तेव्हा आणखी दोन वेळा बदलली. किझाएमोनचा वाडगा एवढा फिरूनही त्याच्या नावावर एवढी सरकारं नव्हती. त्या रात्री त्यांना झोप आली नाही.

अडचण एकच होती. बरणी कुठल्या कारखान्याची हे बुडावर लिहिलेलं असतं, आणि या बरणीचं बुड दिसत नव्हतं. कधीतरी तिला खालून तडा गेला होता आणि बाईंच्या भावानं, जो आवारपूरला कामाला होता, बुडाला अर्धा इंच सिमेंट लिंपून दिलं होतं. जपानी लोक फुटलेलं भांडं लाखेनं जोडून त्या सांध्यावर सोनं लावतात, आणि तो सांधा पुढे भांड्याहून मौल्यवान होतो. सोनं आमच्याकडे नाही. सिमेंट आहे, आणि ते घरचं आहे. पटवारीसाहेबांनी इतर हक्कात लिहिलं: 'स्थानिक पद्धतीची दुरुस्ती.'

मी भोळेपणानं म्हटलं, "साहेब, छिन्नीनं हलकंच उडवलं तर खालचा शिक्का दिसेल."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या बापाचं थडगं उकरायला सांगतो आहे. "मोजणी होणार नाही," ते म्हणाले. उभ्या नोकरीत वादाच्या बांधावर मोजणी लावा म्हणून लोकांच्या मागे लागणारा हा माणूस. पण मला ते कळलं. खाली थानगढ निघालं असतं तर एक बरणी उरली असती. काही न निघता सिमेंट राहिलं तर कोरिया शिल्लक राहतो. आणि थोडं खरं सांगायचं तर मीही दुसऱ्यांदा आग्रह केला नाही.

शिवाय वेळ आहे, असं त्यांचं म्हणणं. पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा शंभर वर्षांची अट घालतो. पोलीस ॲक्शनचं साल धरलं तर बरणी २०४८ ला पुरावस्तू होते. तोवर ती 'भोगवटादार वर्ग दोन' म्हणून ठेवली आहे, म्हणजे कलेक्टरच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही, आणि या घरात कलेक्टर ते स्वतः.

फाल्गुनात लोणचं संपत आलं तसं त्यांनी बरणी रिकामी करून छपरीत आणली, धुतली आणि मधल्या कप्प्यात ठेवली. ऑक्युपाइड जपान एक पायरी खाली गेला. वास मात्र गेला नाही. मोहरी, हिंग आणि जवसाचं तेल इतक्या वर्षांचं मुरलेलं, ते छपरीभर पसरलं, आणि बघायला येणाऱ्या पंचांना भूक लागू लागली. बाई काही बोलल्या नाहीत. प्लास्टिकचा डबा घ्या असं पटवारीसाहेबांनी सुचवलं तेव्हाही काही बोलल्या नाहीत. त्यांची ती पद्धत आहे आणि ज्यानं त्यांच्यासोबत चाळीस वर्षं काढली त्यानं ती ओळखायला हवी होती.

मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला तेव्हा, पटवारीसाहेबांच्या मानेवर केसतूड उठलं. चांगलं लिंबाएवढं. मान हलेना. चंद्रपूर जिल्ह्यातल्या उन्हाळ्यात असं कुणालाही होतं, आणि रोज आमरस खाणाऱ्याला हमखास होतं. पण ते दवाखान्याऐवजी रजिस्टराकडे गेले. किझाएमोनला फोड, फुमाईला फोड, फुमाईच्या मुलाला फोड, आणि आता कोरपन्यात फोड. मी भेटायला गेलो तेव्हा मान वाकडी ठेवून, डोळ्यांत पाणी, पण चेहऱ्यावर तेज. "आता मोजणीची गरजच नाही," ते म्हणाले. "पुरावा अंगावर आला." ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी चिरा देऊन पू काढला आणि गोळ्या लिहून दिल्या. यांनी त्यांच्याकडे दाखला मागितला, की सदर फोड हा सदर वस्तूच्या कब्जामुळे आला आहे. डॉक्टरांनी रक्तातली साखर तपासायला सांगितली.

साखर निघाली. आमरस बंद झाला. आणि पुढच्याच सोमवारी, दाराला पटवारीसाहेबांची नोटीस असते त्या जागी एक वहीचं पान दिसलं. अक्षर मोठं, रेघेवर बसलेलं, सातवीपर्यंत शिकलेल्या बाईचं: 'बरणी नंबर एकेचाळीस बाबत हरकत. बरणी माझ्या आजीची, मायची, माझी. यांचं नाव कसं लागलं? कैऱ्या आल्या आहेत.'

सुनावणी त्यांना घ्यावीच लागली. पंच म्हणून मी आणि चहावाला. पटवारीसाहेबांनी बाजू चांगली मांडली. फोड सांगितला, पाच पेट्या सांगितल्या, फुमाई सांगितला. त्यांची चूक एवढीच झाली की फुमाईच्या बायकोनं वस्तू घराबाहेर काढा म्हटलं होतं हेही ओघात सांगून बसले.

"मी कुठं बाहेर काढाले म्हनतो?" बाई म्हणाल्या. "आतच तं नेऊन राह्यली."

चहावाला म्हणाला, "बाईची गोष्ट बरोबर आहे जी." पटवारीसाहेब माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याच अक्षरातल्या लीच आणि लूसी रीच्या नोंदीची आठवण करून दिली. त्यांनी रजिस्टर उघडलं, टोपण काढलं, कधी नव्हे ते एकाच तारखेत निकाल दिला, आणि तो असा आहे: 'फेरफार मंजूर. गट नंबर एकेचाळीस, भोगवटादार: पत्नी, वारसाहक्कानं. पाहण्याचा हक्क: पती, जेवणाच्या वेळी. इतर हक्क: लोणचं, कैरीचं, अंदाजे पाच किलो, पुढील हंगामापर्यंत बोजा.' खाली आम्हा दोघांच्या सह्या. मग बाईंनी पेन घेतलं, स्वतःची सही केली, आणि 'पाच' खोडून 'सात' लिहिलं.